नॅन्सी ड्रू आणि जुन्या घड्याळाचं रहस्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घरच्या घरी एक छोटं बालवाचनालय चालवते. ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ हे आमच्या कपाटात कधी न टिकणारं पुस्तक: एक मूल परत करतं आणि दुसरं दारातच ते उचलतं. मुलं आणि त्यांचे आईबाबा याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. रहस्य कुठेही फोडलेलं नाही, निर्धास्त वाचा.

ही नॅन्सी ड्रू नेमकी कोण?

अमेरिकेतल्या रिव्हर हाइट्स नावाच्या काल्पनिक गावातली मुलगी. वडील कार्सन ड्रू नावाजलेले वकील. आई लहानपणीच गेलेली, घर सांभाळायला हॅना ग्रुएन. नॅन्सीला कोडी सोडवायचा नाद आहे, पण ती पोलिसांत नाही, कुठल्या संस्थेत नाही आणि कुणाकडून पैसे घेत नाही. एखाद्यावर अन्याय होतोय असं दिसलं की तिला चैन पडत नाही, एवढंच.

या मालिकेची पहिली ३ पुस्तकं एकाच दिवशी, २८ एप्रिल १९३० रोजी बाजारात आली. ‘ओल्ड क्लॉक’ हे त्यातलं पहिलं. किंमत ५० सेंट, म्हणजे मुलांना खाऊच्या पैशातून घेता यावं अशी.

गोष्ट काय आहे? मुलीच्या हातात देण्याआधी मला थोडी माहिती हवी.

जोसाया क्रॉली नावाचे एक म्हातारे गृहस्थ वारलेत. शेवटची काही वर्षं ते टॉपहॅम नावाच्या श्रीमंत आणि तोऱ्यात वागणाऱ्या कुटुंबाकडे राहत होते. मृत्युपत्रानुसार सगळा पैसा टॉपहॅमना मिळणार. पण क्रॉलींनी आयुष्यभर ज्यांच्याकडे पाहुणचार घेतला, त्या गरीब नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना ‘तुमची सोय करून ठेवलीय’ असं तोंडी सांगितलं होतं. मग दुसरं, नंतरचं मृत्युपत्र आहे का? असेल तर कुठे? नॅन्सी तेच शोधायला निघते.

त्या नातेवाइकांची परिस्थिती लेखिकेनं फार जवळून दाखवली आहे. शेतावर कोंबड्या पाळून आणि शिवणकाम करून दिवस काढणाऱ्या दोन बहिणी आहेत, त्यातल्या एकीला गाणं शिकायचं आहे आणि फी परवडत नाही. पडून पायाला दुखापत झालेली, घरात एकटीच असलेली ॲबी रोवन नावाची म्हातारी आहे. अमेरिकेत शेअर बाजार १९२९ च्या ऑक्टोबरात कोसळला आणि हे पुस्तक त्यानंतर सहाच महिन्यांनी आलं. त्यामुळे ‘पैसे येतील असं सांगितलं होतं, आलेच नाहीत’ हे दुःख तेव्हाच्या वाचकांना समजावून सांगावं लागलं नसणार.

कितव्या वर्षी द्यावं? भीतीदायक आहे का?

साधारण ९ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. खून नाही, रक्त नाही. चोर आहेत, त्यांची मालवाहू गाडी आहे आणि एका प्रसंगात ते नॅन्सीला रिकाम्या घरातल्या कपाटात कोंडून निघून जातात. हळव्या मुलांना हाच भाग थोडा जड जातो. आमच्याकडच्या एका चौथीतल्या मुलीनं तिथं खूण घालून पुस्तक दोन दिवस उशाशी तसंच ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी आईला शेजारी बसवून पुढचं वाचलं.

तसं असेल तर तेवढं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. नॅन्सी आधी घाबरते, ओरडते, दार बडवते, आणि मग शांत होऊन कपाटात काय काय आहे ते चाचपायला लागते. कपडे अडकवायचा लाकडी दांडा हाताला लागतो आणि ती त्याचा तरफेसारखा उपयोग करायला बघते. विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ मुलांना इथं अचानक जिवंत भेटते.

नॅन्सी खरंच हुशार आहे, की नशीब तिला साथ देतं?

हा प्रश्न एका सातवीतल्या मुलानं विचारला आणि मला फार आवडला, कारण त्याचं म्हणणं खोटं नाही. वादळ येतं, नॅन्सी गाडी घेऊन समोर दिसेल त्या गोठ्यात शिरते आणि तो नेमका त्या दोन बहिणींचाच निघतो. असे योगायोग पुस्तकात बरेच आहेत. आजच्या रहस्यकथा वाचणाऱ्या मुलांना ते खटकले तर त्यांची बाजू बरोबर आहे.

पण ॲबी रोवनचं प्रकरण नीट वाचा. म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, घरात खायला धड काही नाही. नॅन्सी ज्या माहितीसाठी एवढ्या लांब आली ती ॲबीच्या ओठांवर आहे. पण नॅन्सी आधी काय करते? चहा टाकते, खायला करते, तिला जरा बरं वाटेपर्यंत थांबते, आणि मगच क्रॉलींचा विषय काढते. ॲबीला काहीतरी आठवतंय, पण शब्द सापडत नाहीत. नॅन्सी घाई करत नाही, तिच्या तोंडात शब्द घालत नाही. तेवढ्यात फळीवरचं घड्याळ टोले देऊ लागतं आणि म्हातारीला आठवतं.

माझ्या मते अख्ख्या पुस्तकाचा जीव इथं आहे. टोले पडणं हा योगायोग, पण ते पडले तेव्हा नॅन्सी तिथं अजून बसलेली होती, हा योगायोग नाही. दुसरं कुणी असतं तर ‘म्हातारीला काही आठवत नाही’ म्हणून केव्हाच उठून गेलं असतं. नॅन्सी ऐकून घेते. तिचे वडीलही तिचं ऐकून घेतात: सोळा वर्षांची मुलगी जेवताना एखाद्या खटल्याबद्दल मत मांडते आणि तो नामांकित वकील तिचं मत खऱ्या सल्ल्यासारखं तोलून बघतो. आमच्याकडच्या मुलींना सर्वांत जास्त हेवा याचाच वाटतो, तिच्या निळ्या गाडीचा हेवा त्यानंतर.

माझ्या पुस्तकात २० प्रकरणं आहेत, मैत्रिणीच्या पुस्तकात २५. असं कसं?

कारण ही खरं म्हणजे दोन पुस्तकं आहेत. १९३० च्या मूळ पुस्तकात २५ प्रकरणं होती. १९५९ मध्ये ते नव्यानं लिहून काढलं गेलं, तेव्हा २० झाली. आज दुकानात पिवळ्या पाठीचं जे पुस्तक मिळतं ते १९५९ चं. १९३० चा मजकूर अमेरिकेत १९९१ पासून जुन्या रूपात पुन्हा छापला जाऊ लागला.

ओळखायच्या खुणा: त्या दोन बहिणींचं आडनाव हॉर्नर असेल तर जुनं, हूवर असेल तर नवं. नॅन्सी १६ वर्षांची असेल तर जुनं, १८ ची असेल तर नवं. आई ती १० वर्षांची असताना गेली असेल तर जुनं, ३ वर्षांची असताना गेली असेल तर नवं. आणि नव्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक लहान मुलगी भरधाव गाडीपासून वाचते. जुन्यात हा प्रसंगच नाही, तिथं गोष्ट सुरू होते ती बापलेकीच्या गप्पांनी.

मग जुनं द्यावं की नवं?

लहान मुलाला पहिल्यांदा देताय तर नवं द्या. वेग जास्त आहे, वाक्यं सोपी आहेत. शिवाय जुन्या पुस्तकात एक भाग असा आहे जो मी मुलाच्या हातात एकट्यानं देणार नाही. टॉपहॅमच्या तळ्याकाठच्या घराचा राखणदार जेफ टकर तिथं कृष्णवर्णीय आहे, आणि त्याला दारुडा, भित्रा, हास्यास्पद करून टाकला आहे. १९३० मधल्या अमेरिकेत लहान मुलांच्या पुस्तकांतही असं लिहिणं सर्रास चाले. पुनर्लेखनात ते काढलं गेलं. पण काढताना तो माणूस सुधारला नाही, गोरा केला गेला, आणि गोष्टीतलं एकमेव कृष्णवर्णीय पात्रच नाहीसं झालं. मोठ्या मुलांशी यावर जरूर बोला. आपल्याकडच्या जुन्या गोष्टींतही कुठल्या कुठल्या जातीच्या माणसाला कायम विनोदी किंवा लबाड दाखवलं जायचं, हे मुलं मग स्वतःच आठवून सांगतात.

तरी मला स्वतःला जुनी नॅन्सी जास्त आवडते. ती फटकळ आहे, मोठ्यांना तोंडावर उत्तर देते, चुकतेही. दुसऱ्या पुस्तकात तर वडील तिला सोबत रिव्हॉल्व्हर न्यायला सांगतात. १९५९ नंतरची नॅन्सी जास्त नीटनेटकी आणि शहाणी झाली आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना दोन्ही शेजारी ठेवून वाचायला द्या आणि त्यांचं मत विचारा. आमच्याकडे यावरून भांडणं झालेली आहेत.

सोळाव्या वर्षी गाडी कशी चालवते? आम्हाला तर अठराव्या वर्षी परवाना मिळतो.

तेव्हा तिथं चालत असे. पुढे अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नियम कडक झाले आणि १९५९ मध्ये नॅन्सीचं वय १८ करण्यामागे तेही एक कारण होतं. गाडीही बदलली: आधी निळी रोडस्टर, म्हणजे दोन माणसांची उघडी गाडी, नंतर निळी कन्व्हर्टिबल.

मृत्युपत्राची भानगड मुलांना कशी समजावून सांगायची?

आपल्या मुलांना हे फारसं परकं नसतं. घराच्या, शेताच्या वाटणीवरून मोठ्या माणसांत चाललेलं बोलणं कानावर पडलेलं असतं. त्यांना इतकंच सांगा: माणसानं एकाहून जास्त मृत्युपत्रं केली असतील तर शेवटचं खरं मानतात. आपल्याकडच्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातही हेच तत्त्व आहे, आणि मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही व दोन साक्षीदार लागतात. म्हणूनच नॅन्सीला ‘क्रॉली असं म्हणाले होते’ एवढ्यावर थांबता येत नाही. तोंडचा शब्द कितीही खरा असला तरी कोर्टात कागद लागतो. वडील तिला सुरुवातीलाच हे सांगतात आणि मग कागदाचा शोध सुरू होतो.

सेफ डिपॉझिट बॉक्स म्हणजे बँकेतला लॉकर, हेही आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं तिथं अडतात.

मुलगा मराठी माध्यमात आहे. इंग्रजी झेपेल का?

सहावी-सातवीत असेल आणि गोष्टीची गोडी असेल तर झेपतं. पहिली दोन-तीन प्रकरणं कुणीतरी सोबत वाचावीत. नावं खूप आहेत, त्यामुळे वहीच्या शेवटच्या पानावर क्रॉलींच्या नातेवाइकांची यादी करायला लावा: कोण, कुठं राहतं, क्रॉलींनी काय सांगितलं होतं. गुप्तहेराची वही म्हटलं की ही यादी करायला मुलं कुरकुर करत नाहीत. अडलेल्या प्रत्येक शब्दासाठी शब्दकोश उघडायला लावू नका, लय तुटते.

एक गमतीची गोष्ट मुलांना जरूर दाखवा. मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकाच्या नावात ‘बंगलो’ हा शब्द आहे, तो आपल्याकडचा ‘बंगला’. इथून इंग्रजीत गेला आणि अमेरिकेत पोचेपर्यंत त्याचा अर्थ ‘छोटंसं बैठं घर’ झाला. त्यामुळे बंगला म्हटल्यावर डोळ्यापुढे दुमजली इमारत आणि फाटकावर कुत्र्याची पाटी आणू नका.

असल्या मालिका वाचून वाचनाची चव बिघडत नाही का?

अमेरिकेतल्या कितीतरी ग्रंथपालांचं मत असंच होतं. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांनी वर्षानुवर्षं ही पुस्तकं घेतलीच नाहीत. मुलं ती खाऊच्या पैशातून विकत घेत, एकमेकांत फिरवत. मी स्वतः वाचनालय चालवते, म्हणून हे वाचून मला वाईट वाटलं. माझा अनुभव उलटा आहे. लागोपाठ आठ-दहा नॅन्सी वाचून झाल्या की मुलांना गोष्टीचा साचा कळतो, ती कंटाळतात आणि ‘काहीतरी वेगळं द्या’ म्हणत येतात. त्या दिवशी आपण दुसरं पुस्तक घेऊन तयार असायला हवं.

ही फक्त मुलींसाठी आहेत का?

नाही. आमच्याकडे नेणाऱ्यांत मुलगेही भरपूर आहेत. पण मुलींसाठी यात काहीतरी खास आहे हेही खरं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सँड्रा डे ओ’कॉनर, रूथ बेडर गिन्सबर्ग आणि सोनिया सोटोमायोर या तिघी न्यायमूर्तींनी लहानपणी नॅन्सी ड्रू वाचल्याचं सांगितलं आहे.

क्रमानं वाचावी लागतात का?

नाही. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे. फक्त बेस आणि जॉर्ज या मैत्रिणी पाचव्या पुस्तकात येतात आणि नॅन्सीचा मित्र नेड सातव्यात, त्यामुळे पहिल्या पुस्तकात त्या शोधत बसू नका. (जॉर्ज मुलगीच आहे, मुलं दर वेळी विचारतात.) मूळ मालिका ५६ पुस्तकांची, १९३० ते १९७९.

अप्पा बळवंत चौकात किंवा रद्दीच्या दुकानात जुन्या प्रती घेताना एक लक्षात ठेवा: इंग्लंडमध्ये छापलेल्या पेपरबॅकवरचे क्रमांक अमेरिकेतल्या क्रमांकांपेक्षा वेगळे आहेत. पाठीवर १ लिहिलेलं असेल म्हणजे ते ‘ओल्ड क्लॉक’ असेलच असं नाही. नाव वाचून घ्या.

इंटरनेटवर फुकट वाचता येतं का?

१९३० ची पहिली ४ पुस्तकं अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून प्रताधिकारमुक्त झाली आहेत. हे फक्त जुन्या मजकुराबद्दल, १९५९ चं पुनर्लेखन अजून प्रताधिकाराखाली आहे.

सिनेमा आधी दाखवू की पुस्तक आधी देऊ?

पुस्तक. २००७ आणि २०१९ चे सिनेमे नंतर सुट्टीत बघा.

कॅरोलिन कीन यांची आणखी कोणती पुस्तकं आहेत?

या प्रश्नाला मला नेहमी खुर्ची ओढून बसावं लागतं, कारण मुखपृष्ठावर लेखिका म्हणून नाव असलं तरी कॅरोलिन कीन नावाची बाई नव्हतीच.

एडवर्ड स्ट्रॅटेमायर नावाचे एक गृहस्थ होते. मुलांसाठी मालिका तयार करायचा त्यांचा मोठा कारखानाच होता म्हणा ना. गोष्टीचा आराखडा ते तीन-चार पानांत लिहून देत, पूर्ण पुस्तक दुसरं कुणी ठरावीक मोबदल्यावर लिही, आणि छापलं जाई एका बनावट नावानं. हार्डी बॉइज ही मुलांची मालिका १९२७ मध्ये अशीच निघाली. मग मुलींसाठी गुप्तहेर मुलगी काढायचं ठरलं. स्ट्रॅटेमायरनी प्रकाशकांना नावं सुचवली: स्टेला स्ट्राँग, डायना डेअर, हेलन हेल, नॅन ड्रू. प्रकाशकांनी नॅन ड्रू उचललं आणि ‘नॅन’चं ‘नॅन्सी’ केलं. पहिली पुस्तकं बाहेर पडली आणि १२ दिवसांनी, १० मे १९३० ला, स्ट्रॅटेमायर वारले. आपण काय लावून गेलो हे त्यांना कळलंच नाही. पुढे त्यांच्या मुलींनी, मुख्यतः हॅरिएट ॲडम्सनी, हा व्यवसाय सांभाळला. १९५९ पासूनची पुनर्लेखनं हॅरिएटच्या देखरेखीखालची.

पण ‘ओल्ड क्लॉक’ पहिल्यांदा लिहिलं ते मिल्ड्रेड वर्ट या आयोवातल्या तरुणीनं. जन्म १९०५, लॅडोरा नावाच्या छोट्या गावात. आयोवा विद्यापीठातून पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी मिळवणारी ती पहिली विद्यार्थी, १९२७ साली. पंचविशीच्या आत तिनं नॅन्सी उभी केली. एका पुस्तकाचे १२५ डॉलर मिळत, आणि त्याबरोबर सगळे हक्क सोडल्याच्या कागदावर सही द्यावी लागे. मंदीत मोबदला ७५ डॉलरवर आणला तेव्हा तिनं नकार दिला, म्हणून मधली ३ पुस्तकं दुसऱ्या लेखकाची आहेत. ती परत आली. पहिल्या ३० पैकी २३ तिची.

तिनं कधी सांगितलं नाही की हे मी लिहिलंय?

करारानं तोंड बांधलेलं होतं. दुसऱ्या लग्नानंतर ती मिल्ड्रेड बेन्सन झाली, ओहायोतल्या टोलीडो शहरात वार्ताहर म्हणून काम करत राहिली, विमान चालवायला शिकली. नॅन्सी जगभर वाचली जात होती आणि ती आपल्या बातम्या लिहीत होती.

१९८० मध्ये प्रकाशकांमधला हक्कांचा वाद न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला. तिथं मिल्ड्रेडची साक्ष झाली, जुने करार आणि पत्रं बाहेर आली, आणि पहिल्या पुस्तकांची लेखिका कोण हे कागदोपत्री स्पष्ट झालं. हे मी मुलांना सांगते तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, ‘म्हणजे घड्याळासारखंच झालं की! कागद होता, फक्त कुणी बघितला नव्हता.’

आयोवा विद्यापीठानं १९९३ मध्ये नॅन्सी ड्रूवर परिषद भरवली आणि तिचा सन्मान केला. ज्या अंडरवुड टाइपरायटरवर तिनं लिहिलं तो आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २८ मे २००२ ला, वयाच्या ९६ व्या वर्षी, ती वर्तमानपत्राच्या कचेरीत कामावर असताना तिची प्रकृती बिघडली आणि त्याच दिवशी ती गेली.

पुढचं कोणतं द्याल?

‘द हिडन स्टेअरकेस’. मालिकेतलं दुसरं. मिल्ड्रेडचं स्वतःचं आवडतंही तेच होतं.

तुमच्या पुस्तकाच्या कार्डावर दोन-तीन नावं का आहेत?

पुस्तकाच्या आतल्या बाजूला आम्ही जे देवघेवीचं कार्ड चिकटवतो त्यावर ‘लेखक’ असा रकाना असतो. पूर्वी तिथं कॅरोलिन कीन एवढंच लिहायचे. एका मुलीनं ते वाचून विचारलं, खरं नाव माहीत असताना तुम्ही खोटं का लिहिता? आता १९३० च्या प्रतीवर खाली कंसात मिल्ड्रेड वर्ट बेन्सन लिहिलेलं असतं, आणि १९५९ च्या प्रतीवर त्याखाली हॅरिएट ॲडम्स. अक्षर त्या मुलीचंच आहे.